मठाचा प्रश्न : लुई काह्न यांच्या पदव्युत्तर रचनावर्गाची चिकित्सा

ज्याला इमारतीचा नकाशा काढता येतो, तिच्या खर्चाचा अंदाज मांडता येतो आणि नगरपालिकेची मंजुरी मिळविता येते, अशा पदवीधर वास्तुविशारदाने पुन्हा विद्यापीठात येऊन नेमके काय शिकावे, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमपत्रिकांतून सहसा मिळत नाही. इतिहास, भाषाशास्त्र किंवा रसायन या विषयांत पदव्युत्तर अभ्यास म्हणजे संशोधनाची दीक्षा होय, हे सर्वमान्य आहे. वास्तुरचनेत मात्र विद्यार्थी त्याच फलकावर त्याच जातीची, फक्त अधिक विस्तृत इमारत रेखाटताना दिसतो. शंभर खाटांचे रुग्णालय पाचशे खाटांचे होते, एवढाच फरक. संशोधनाची उणीव भरून काढण्यासाठी त्याच्याकडून एक प्रबंधिका लिहून घेतली जाते. तिचा आराखड्याशी असलेला संबंध पुष्कळदा बांधणीच्या पुठ्ठ्यापुरताच असतो. खुद्द रचना करणे हीच शोधाची एक रीत होऊ शकते काय, आणि होत असेल तर तिचे प्रमाण कोणते, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाच्या विचारात लुई काह्न (१९०१–१९७४) यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जवळजवळ दीड तप चालविलेल्या पदव्युत्तर रचनावर्गाचे उदाहरण टाळता येण्याजोगे नाही. फिलाडेल्फियात फ्रँक फर्नेस यांनी बांधलेल्या आणि १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथालयाच्या तांबड्या इमारतीत हा वर्ग भरे. रॉबेर ल रिकोले हे फ्रेंच अभियंते व नॉर्मन राइस हे वास्तुविशारद काह्न यांच्याबरोबर अध्यापनास बसत. विद्यार्थी देशोदेशींचे असत, भारतीयही असत. या वर्गाविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातील बरेचसे लेखन भक्तिभावाचे आहे. गुरूच्या वचनांचे संकलन म्हणून त्याला मोल असेल. पण एका विद्यापीठीय वर्गाने ज्ञानात भर घातली की नाही, याची तपासणी त्याने होत नाही.

काह्न स्वतः याच विद्यापीठाचे १९२४ चे पदवीधर. पॉल क्रे यांच्या हाताखाली त्यांनी पॅरिसच्या बोझार संप्रदायाचे शिक्षण घेतले होते. त्या संप्रदायातील एक प्रथा येथे लक्षात घेतली पाहिजे. विद्यार्थ्याच्या हाती छापील मागणीपत्र दिले जाई. ठरावीक तासांत, कोणाचेही साहाय्य न घेता, त्याने त्यावर एक कच्चे रेखाटन करून द्यावयाचे आणि पुढील कित्येक आठवडे त्या रेखाटनाशी प्रामाणिक राहूनच अंतिम आराखडा पूर्ण करावयाचा. पहिल्या निर्णयाला एवढे महत्त्व देणारी ही शिस्त होती. मागणीपत्र मात्र कोणीतरी दुसऱ्यानेच लिहिलेले असे, आणि त्यावर शंका घेण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नव्हता. आधुनिकांनी बोझारचे स्तंभ आणि कमानी टाकून दिल्या. मागणीपत्राचे पावित्र्य मात्र त्यांनीही राखले. हार्वर्ड येथील वॉल्टर ग्रोपियस यांच्या वर्गात गरजांचे पृथक्करण अधिक काटेकोर झाले, सामुदायिक कामाची सवय लागली, आणि १९४७ मध्ये तेथून पदवी घेऊन आलेल्या अच्युत कानविंदे यांच्यासारख्या कोकणातील आचऱ्याच्या कर्तबगार वास्तुविशारदाने त्या शिस्तीचा भारतात उत्तम उपयोगही करून दाखविला. तरी गरज ही बाहेरून आलेली, आणि ती कार्यक्षमतेने भागवावयाची, हे गृहीतकृत्य तेथे कायम होते. काह्न यांच्या वर्गाने नेमके हेच गृहीतकृत्य काढून घेतले. त्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘रूप’ आधी आणि ‘रचना’ नंतर. रूप म्हणजे आकार नव्हे. एखाद्या संस्थेचे कोणते घटक एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत याची जाणीव, असा त्यांचा आशय होता. विशिष्ट जागा, विशिष्ट पैसा आणि विशिष्ट मालक यांच्या संदर्भात ते रूप बांधण्याजोगे करणे ही रचना.

या रीतीचे सामर्थ्य आणि तिची उणीव ही दोन्ही एकाच हकिकतीत एकत्र सापडतात. ती काह्न यांनीच आपल्या भाषणांतून सांगितली आहे. वर्गाला मठाचा विषय दिला होता. अट अशी की, जगात यापूर्वी मठ झालेलाच नाही असे समजावयाचे. संन्यासी, भोजनशाळा, प्रार्थनामंदिर, खोली हे शब्ददेखील विसरावयाचे. साहजिकच वर्ग बराच काळ खोळंबला. प्रथम बोलली ती एक भारतीय विद्यार्थिनी. तिचे म्हणणे असे की, सर्व काही एकट्याच्या खोलीतून निघाले पाहिजे. खोली आहे म्हणूनच प्रार्थनामंदिराला आणि इतर स्थानांना अस्तित्वाचा हक्क मिळतो. दुसऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने तिला दुजोरा दिला आणि पुस्ती जोडली की, भोजनशाळा प्रार्थनामंदिराच्या तोलाची हवी व प्रार्थनामंदिर खोलीच्या तोलाचे. कोणी कोणाहून मोठे नाही. या चर्चेतून आराखडे निघाले. त्यांपैकी काह्न यांच्या विशेष आवडीच्या एका आराखड्यात भोजनशाळा मठाच्या मध्यापासून अर्ध्या मैलावर होती. मग पिट्सबर्गहून एक संन्यासी हे काम पाहावयास आले. ते आनंदी वृत्तीचे चित्रकार होते. मोठ्या चित्रशाळेत राहत आणि आपल्या खोलीत जाण्याचा त्यांना कंटाळा असे. अर्ध्या मैलावरची भोजनशाळा पाहून त्यांनी थट्टा केली की, त्यापेक्षा बिछान्यावरच जेवण आणून दिलेले बरे. ते गेल्यावर वर्ग खिन्न झाला. पण हा तर नुसता संन्यासी, याला यातले काय कळणार, अशी समजूत घालून वर्गाने आपले समाधान करून घेतले.

काह्न ही गोष्ट विनोदाने सांगत, आणि श्रोते हसत. चिकित्सकाने मात्र हसून थांबता कामा नये.

प्रथम वर्गाच्या बाजूचे म्हणणे. त्या विद्यार्थिनीचे विधान हे मागणीपत्रातून निघणारे विधान नव्हते. ‘चाळीस खोल्या, एक प्रार्थनामंदिर, एक भोजनशाळा, चौरस फूट इतके’ अशा यादीत खोली आणि मंदिर ही शेजारीशेजारी लिहिलेली दोन नावे असतात. त्यांच्यात कार्यकारणाचे नाते नसते. ‘खोलीमुळे मंदिराला हक्क मिळतो’ असे म्हणताच त्या यादीचे एका सिद्धान्तात रूपांतर होते, आणि सिद्धान्त म्हटला की तो खरा किंवा खोटा ठरू शकतो. आराखडा हा अशा सिद्धान्ताचा विस्तार असेल तर तो प्रबंधाच्या पंक्तीला बसू शकतो, ही या वर्गाची मोठी देणगी आहे. पदवी वर्गात विद्यार्थी प्रश्नाचे उत्तर शोधतो. येथे प्रश्न कोणी विचारला आणि तो योग्य विचारला काय, याचा शोध होतो. पदव्युत्तर रचनाभ्यासाचा वेगळेपणा इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे प्रत्यक्षात आला असेल.

तथापि सिद्धान्त मांडल्यावर तो पडताळून पाहण्याची जी पायरी यावयास हवी, ती येथे आली नाही. आली तेव्हा ती पिट्सबर्गच्या पाहुण्याच्या रूपाने दारातून आत आली आणि तिला हसून बाहेर घालविण्यात आले. त्या संन्याशाची साक्ष अखेरचा शब्द मानावी, असा याचा अर्थ नव्हे. एकाच माणसाची, तीही खोलीला कंटाळलेल्या चित्रकाराची साक्ष. परंतु नेमके तेच तर महत्त्वाचे होते. सर्व काही खोलीतून निघते असे मानणाऱ्या वर्गासमोर खोली न आवडणारा खराखुरा मठवासी उभा होता. सिद्धान्ताला याहून नेमका प्रतिवादी कोठून मिळावयाचा?

इतिहासाकडे पाहिले असते तर आणखी प्रतिवादी मिळाले असते. पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया घालणाऱ्या संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत सर्वांनी शक्यतो एकाच दालनात, स्वतंत्र खाटांवर झोपावे असे सांगितले आहे. इ. स. ८२० च्या सुमाराच्या, सेंट गॉल येथे जतन झालेल्या प्रसिद्ध मठनकाशात सत्त्याहत्तर खाटांचे सामुदायिक शयनगृह आहे. साध्या संन्याशाची खाजगी खोली नाही. त्याच परंपरेत भोजनशाळा मात्र भव्य असते, कारण तेथे मौन पाळून, ग्रंथवाचन ऐकत, सर्वांनी मिळून जेवणे हा धर्माचरणाचाच भाग आहे. याउलट १०८४ मध्ये ब्रूनो यांनी स्थापिलेल्या कार्थूझियन पंथात प्रत्येकाला स्वतंत्र घरवजा खोली व चिमुकली बाग असते. तेथे खोली हीच मठाचा गाभा. आणि तेथेच भोजनशाळेचे महत्त्व ओसरते. रविवार व सणाचे दिवस सोडल्यास जेवण खोलीच्या दाराशेजारच्या झरोक्यातून आत दिले जाते. पिट्सबर्गच्या पाहुण्याने थट्टेत सांगितलेला पर्याय साडेनऊशे वर्षांपूर्वीच एका अत्यंत कडक पंथाने जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला होता, हे वर्गाच्या ध्यानात आले असते तर चर्चेला वेगळेच वळण लागले असते. खोली सर्वांचे मूळ आणि भोजनशाळा तिच्या तोलाची, ही दोन्ही विधाने ऐकावयास सुसंवादी वाटतात. पण मठांच्या प्रत्यक्ष इतिहासात ती परस्परांच्या विरुद्ध ओढतात. एकटेपणाला प्राधान्य दिले की पंक्ती मागे पडते. पंक्तीला दिले की खोली आक्रसते किंवा नाहीशी होते. ल कॉर्ब्युझिए यांना हे ठाऊक होते. १९०७ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्सजवळील एमाचा कार्थूझियन मठ पाहिला आणि त्याची आठवण जन्मभर बाळगली. १९६० मध्ये पूर्ण झालेल्या ला तुरेत येथील शंभर खोल्यांच्या मठात तो जुना ताण उघड उघड मांडला आहे. काह्न यांच्या वर्गाने तो ताण ‘कोणी कोणाहून मोठे नाही’ या गोड वाक्यात विरघळवून टाकला.

आता त्या भारतीय विद्यार्थिनीच्या विधानाचा उगम कोठे असेल? याविषयी निश्चित काही म्हणता येत नाही. पण पश्चिम भारतातील लेणी पाहिलेल्या वाचकाला ते ऐकताच विहार आठवेल. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या प्राचीन विहारात मधल्या चौकाच्या तीन बाजूंस चार-चार खोल्या असून प्रत्येकीत दगडी ओटे आहेत. पूजास्थान मुळीच नाही. चैत्य वेगळा खोदलेला. पुढे पाचव्या शतकातील विहारांत मागच्या भिंतीतील खोल्यांच्या रांगेतच मधोमध बुद्धमूर्तीचे गर्भगृह येते. प्रार्थनास्थानाला खोलीकडून हक्क मिळतो, या वाक्याचे याहून शब्दशः चित्र दाखविणे कठीण. म्हणजे जे विधान फिलाडेल्फियात शून्यातून उगवले असे मानले गेले, त्यामागे सात-आठशे वर्षांची वास्तुपरंपरा उभी असण्याचा संभव होता. पूर्वी मठ झालाच नाही असे समजा, या अटीमुळे वर्गाने ती परंपरा विचारण्याचेच नाकारले. पाटी पुसली की पाटीवर काय होते ते जाते. पाटी पुसणाऱ्याच्या मनात काय आहे ते जात नाही.

विचारले असते तर आणखी एक गोष्ट पुढे आली असती. विहारातील खोली हेही मूळ नव्हे. बौद्ध भिक्षू हा मुळात चारिका करणारा, भिक्षेवर जगणारा. पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याच्या नियमातून, म्हणजे वर्षावासातून, त्याला निवारा लागला. खोलीच्या आधी पाऊस आहे. भोजनशाळेचा प्रश्नही वेगळाच. ज्याने भिक्षापात्र घेऊन गावात जावयाचे त्याला भोजनशाळा कशाला? वेरूळच्या पाचव्या लेण्यात लांबलचक दोन समांतर बैठे ओटे आहेत. कान्हेरीच्या अकराव्या लेण्यातही तसे आहेत. ते जेवणाच्या पंक्तीसाठी की पठणासाठी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. दगडात खोदलेल्या, आजही मोजता येणाऱ्या जागेचा उपयोग जेथे इतका वादग्रस्त राहतो, तेथे ‘भोजनशाळेचे रूप’ एका दुपारच्या चर्चेत गवसले असे मानणे धाडसाचे आहे.

या दृष्टीने एक विलक्षण विरोधाभास त्याच खोलीत बसलेला होता. काह्न यांचे सहकारी ल रिकोले हे त्याच विद्यापीठात रचनाप्रयोगांची कार्यशाळा चालवीत. तेथे विद्यार्थी तारांचे आणि नळ्यांचे नमुने करीत आणि ते मोडेपर्यंत त्यांवर भार घालीत. नमुना कोठे आणि कसा मोडला, हेच त्या अभ्यासाचे फळ. मोडणे ही नामुष्की नव्हती. काह्न यांच्या बाजूला मात्र कोणत्याही रूपावर असा भार घातला गेल्याचे दिसत नाही. एका टोकाला नळ्यांचे प्रमाण आणि दुसऱ्या टोकाला गुरूचे डोळे, अशी ही विषम वाटणी होती. गुरू थोर असल्यामुळे त्याचे डोळे बहुधा अचूक असतील. तरी विद्यार्थ्याला त्यातून निर्णयाची रीत मिळत नाही. मिळतो तो निर्णय. त्यामुळेच काह्न यांच्या शब्दांची लकब पुष्कळांनी उचलली आणि विटेला काय व्हावयाचे आहे हे विचारण्याची फॅशन जगभर पसरली. विटेने दिलेले उत्तर तपासण्याची मात्र पसरली नाही.

हा दोष काह्न यांच्या विचाराचा नव्हे, वर्गाचा आहे, असे म्हणण्यास त्यांच्या स्वतःच्या व्यवसायातच आधार सापडतो. रॉचेस्टर येथील युनिटेरियन चर्चचे उदाहरण त्यांनीच वारंवार दिले. मध्ये उपासनागृह, भोवती फिरण्याची वाट, तिच्या बाहेर शाळेच्या खोल्या, असे रूप त्यांनी समितीपुढे मांडले. समितीला शाळा वेगळी हवी होती. काह्न यांनी ती वेगळी करून पाहिली. मग कोणती खोली उपासनेनंतरच्या मेळाव्याजवळ हवी, स्वयंपाकघर कोठे हवे, असे एकेक प्रश्न येत गेले, आणि घटक पुन्हा एकेक करून उपासनागृहाभोवती गोळा झाले. येथे रूपावर भार घातला गेला, विरोधी पक्षाच्या हातांनी घातला गेला, आणि ते टिकले. रिचर्ड्स प्रयोगशाळांत ते टिकले नाही. उन्हाच्या झळाळीला कंटाळून शास्त्रज्ञांनी काचांना चंदेरी कागद चिकटविले. त्या इमारतीची कीर्ती वास्तुविशारदांत जेवढी आहे तेवढी तेथे काम करणाऱ्यांत नव्हती. ला होया येथे जोनास सॉल्क यांनी १९६२ मध्ये बऱ्याच पुढे गेलेला, दोन चौकांचा आराखडा परत फिरविला. दोन ऐवजी एकच चौक आला, आणि काह्न यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वोत्तम मोकळी जागा निर्माण झाली. मठाच्या बाबतीतही तेच. पेनसिल्व्हेनियातील मीडिया येथे डॉमिनिकन साध्वींसाठी १९६५ पासून ते आराखडे करीत होते. तेथे मठवासींना ‘यांना काय कळणार’ म्हणून टाळणे शक्य नव्हते. खर्च व गरजा यांच्या मर्यादेत आराखडा पुनःपुन्हा आवळावा लागला. प्रकल्प बांधला गेला नाही, पण त्या आवळण्यातूनच खोल्यांच्या कुंपणात भोजनशाळा, मंदिर व शाळा एकमेकांना कोपऱ्यांनी भिडलेल्या, असा जो नकाशा तयार झाला तो त्यांच्या न बांधलेल्या कामांत अग्रगण्य आहे. अर्ध्या मैलाचे अंतर तेथे शून्यावर आले.

यावर असा आक्षेप येईल की, वर्ग म्हणजे व्यवसाय नव्हे. मालक, खर्च आणि कुरकुर यांपासून मोकळी जागा विद्यापीठाने दिली नाही तर ती कोण देणार? आक्षेप रास्त आहे. मठवासीच्या आवडीनिवडींचे दास्य पत्करावे असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास पुन्हा मागणीपत्राकडेच परतणे होईल. परंतु मोकळीक खर्चापासून असावी, पुराव्यापासून नव्हे. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात एखाद्याने ताम्रपट न वाचता सिद्धान्त मांडला तर त्याला मोकळीक म्हणत नाहीत.

मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयाचे पदवीधर अनंत राजे हे १९६४ पासून काही वर्षे काह्न यांच्या फिलाडेल्फियातील कचेरीत होते. वर्गात नव्हे, कचेरीत. हा भेद त्यांच्या कामाकडे पाहता निरर्थक वाटत नाही. काह्न यांचे निधन मार्च १९७४ मध्ये, अहमदाबादेहून परतताना झाले. त्यानंतर तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या आवाराचे उरलेले काम राजे यांनी हाती घेतले. तेथील भोजनगृह व व्यवस्थापन विकास केंद्र यांत गुरूची भाषा आहे, पण जपलेल्या वचनांची पाठांतरे नाहीत. गुजरातचे ऊन, कोरडी वीट आणि काँक्रीटच्या पट्ट्या यांनी ती भाषा पुन्हा तपासली आहे. त्याच आवारातील काह्न यांची वसतिगृहे पाडण्याचा विचार संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला, जगभर ओरड झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जतनाचा मार्ग पुन्हा सोडला. विटांची झीज आणि राहणाऱ्यांची सुरक्षितता ही कारणे दिली गेली. त्या निर्णयाचे समर्थन करणे कठीण आहे. तथापि राहणाऱ्याची साक्ष किती उशिरा आणि किती कडवट रूपाने समोर येऊ शकते, हे त्यावरून दिसते. पदव्युत्तर वर्गासाठी हा मठाच्या प्रश्नाइतकाच चांगला विषय आहे.

मठाचाच विषय हवा असेल तर महाराष्ट्रात त्याचे मागणीपत्र दगडावर उपलब्ध आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. लेणे चारी दिशांच्या संघाला दिले असून त्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आहेत. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. चार हजार कार्षापणांना एक शेतही घेऊन दिले आहे, तेथे राहणाऱ्या सर्व भिक्षूंच्या अन्नाची सोय त्यातून व्हावी म्हणून. गावात भिक्षेला जाणाऱ्याच्या दारी धान्य येऊ लागले, तेव्हा ते कोठे ठेवले, कोणी शिजविले आणि भिक्षू कोठे बसून जेवले, हे लेखात लिहिलेले नाही. लेणे समोर आहे. खोल्या, ओसरी आणि पोढी मोजता येतात. वीस माणसे, पावसाळ्याचे तीन महिने आणि एका शेताचे धान्य, येथून विद्यार्थ्याने आपला आराखडा सुरू करावयाचा, आणि भोजनशाळा किती अंतरावर ठेवली याचे कारण लेण्यासमोर उभे राहून द्यावयाचे.